थोरलीबद्दल प्रेक्षकांचं म्हणणं

गुरुवार, ५ सप्टेंबर

भुंग्या,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच की मी काही मागायला लिहीत नाहीये. वाहिनीच्या प्रेक्षक विभागातून दर शुक्रवारी तुझ्याकडे जो एक पानाचा गोषवारा येतो ना, तो करणारी बाई मी आहे. तीन वर्षं झाली इथे लागून. लोकांची पत्रं, फोन, मेसेज वाचायचे, ‘हसले’, ‘दचकले’ आणि ‘कंटाळले’ अशा तीन ट्रेमध्ये टाकायचे, त्यातलं एखादं मत शब्दशः उतरवायचं आणि फाइल शिपायाबरोबर लेखकाकडे धाडायची. फाइलवर तुझं नाव नसतं, नुसतं ‘लेखक’ असतं. पडद्यावर तू कुठलंसं टोपणनाव लावलंयस. त्यामुळे पहिले दोन भाग मी सरळ मनानं पाहिले आणि हसलेसुद्धा.

काल तिसऱ्या भागात म्हातारा पंच गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून मुलीला म्हणाला, “चौदा सेकंद. माणूस मेला असता एवढ्यात.” माझ्या हातातला कप हातातच राहिला. हे वाक्य आपल्या घराबाहेर कुणी ऐकलेलं नाही. बाबा शाळेत पीटी शिकवायचे, तू त्यांना पंच केलंस. बाकी सगळं तेच. उगाच हाक मारायची, आपण धावत गेलो की घड्याळ बघायचं, आणि “काही नाही, जा” म्हणायचं.

तर अशी ही तुझी ‘आतून कडी’. बाथरूममध्ये पंच मरून पडलाय, दाराला आतून कडी. घरात त्याची थोरली मुलगी, भोळी बायको आणि आयतोबा जावई, शेजारी जरा जास्तच गोड बोलणारा डॉक्टर. तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरला कुणी खोटं बोललं की उचकी लागते. लोक खूश आहेत. एका दंतवैद्यांनी कळवलंय की मेलेल्या माणसाची कवळी इतकी चकचकीत दिसत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापिका इन्स्पेक्टरला उचकीवरचे सहा उपाय सुचवतात. एका घरातून फोन आला, की आम्ही सगळे खदाखदा हसतो आणि नंतर बाथरूमला जाताना दुसऱ्याला दाराशी उभं करतो. आणि म्हातारा सगळ्यांना फार आवडतो. ‘किती लोभस आहे हो,’ असं लिहितात. लोभस! मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग उठून तोंड धुऊन आले.

आई दर बुधवारी आठ वाजता टीव्हीसमोर बसते. ही मालिका कोण लिहितं ते तिला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

वरून कळलंय की पहिले सहाच भाग लिहून तयार आहेत, पुढचे चार प्रेक्षकांचा कल बघून ठरणार. म्हणून चार वर्षांनी तुला एकच प्रश्न विचारतेय. लहानपणी तू माझ्या कानाशी दिवसभर भुणभुण करायचीस, एकदा मीही केली तर चालेल. खुनी कोण आहे?

ताई


शनिवार, २१ सप्टेंबर

भुंग्या,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा राग मला नवा नाही.

कालच्या गोषवाऱ्यात थोरलीविषयी फारसं काही दिसणार नाही. जागा कमी होती. माझ्याशेजारी आमचे मोजणीदार बसतात, गृहस्थ आयुष्यभर नुसते आकडे मोजत आलेत आणि त्यांना त्यात आनंद वाटतो. ते म्हणाले, “बाई, तिसऱ्या भागानंतर थोरलीवर संशय घेणारे नऊ होते. पाचव्यानंतर एकाहत्तर आहेत. आणि तुम्ही त्यातले निम्मे ‘कंटाळले’त टाकलेत.” मी म्हटलं, कंटाळूनच लिहिलंय त्यांनी, अक्षर बघा. ते चष्मा पुसत बसले.

लोक किती सहज बोलतात ग. एक बाई लिहितात, ‘थोरली रडताना आधी आरशात बघते, हिचं पाणी वेगळं आहे.’ कुणी इंजिनिअर म्हणतो, ‘जी मुलगी बापाची एवढी सेवा करते तिच्याच मनात काहीतरी शिजत असणार.’ म्हणजे सेवा केली तरी संशय आणि नाही केली तर नालायक. जी दूर राहून फोनवर ‘बाबा, गोळ्या घेतल्या का’ एवढंच विचारते तिच्यावर मात्र कुणाचा संशय नाही. कारण ती तुझ्या मालिकेत नाहीच. सोयीचं आहे.

हे लागेल तुला. लागू दे. बाबा गेले त्या दिवशी तू आलीस, त्यांना नेलं, माणसं गेली, आणि तू बाथरूमच्या दाराशी उभी राहून मला विचारलंस, “ताई, दार उचललं का नाहीस?” आईसमोर विचारलंस. ती कडी सैल होती हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं, एका बाबांना सोडून. मुठीला धरून दार वर उचललं की कडी आपोआप पडायची. आत लपलेल्या तुला मी कितीतरी वेळा तसंच बाहेर काढलंय. मी सांगितलं, उचललं होतं, त्या दिवशी लवकर नाही पडली. तू बॅग उचललीस आणि गेलीस. डॉक्टरांनी विश्वास ठेवला, आईनं ठेवला, सख्ख्या बहिणीनं ठेवला नाही.

मी डॉक्टरांना आणि आईला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. बाबांची हाक ऐकू आली नाही, आणि कडी लवकर निघाली नाही. आई तेव्हा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात तिलाही काही ऐकू आलं नाही. आई आजही लोकांना सांगते, “गेले ते पटकन गेले, हाकसुद्धा मारली नाही, त्रास झाला नाही.” या एका वाक्यावर ती चार वर्षं जगतेय, भुंग्या. तुझी मालिका बघताना ती हसते. परवा म्हणाली, “या म्हाताऱ्याला कुणी मारलं नसतं तर मीच मारलं असतं,” आणि डोळे पुसेपर्यंत हसली. तिला हसू दे.

फाइलीत या वेळी एका निवृत्त सुताराचं मत शब्दशः उतरवलंय, ते नीट वाच. ‘मी चाळीस वर्षं दारं बसवली. असल्या दाराची कडी बाहेरून दार कितीही उचललं तरी निघत नाही. थोरलीला उगाच बदनाम करू नये.’ असं जाणकाराचं मत रोज येत नाही. जावयाचं बघ काहीतरी. लोकांना तो तसाही आवडत नाही.

ताई


गुरुवार, ३ ऑक्टोबर

भुंग्या,

काल मी सोफ्याच्या कडेला बसून होते, आई शेजारी. सातवा भाग. घराची बेल वाजली आणि एक म्हातारा सुतार आत आला, कानावर पेन्सिल, हातात पिशवी. कुणी न विचारता इन्स्पेक्टरला म्हणाला, “साहेब, असली कडी दार कितीही उचललं तरी निघत नाही.” इन्स्पेक्टरला उचकी लागली. मग आणखी एक. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, “पण दार उचलण्याबद्दल मी कुठे विचारलं होतं?” आणि भाग संपला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठून आधीच्या सहाही भागांची टिपणं काढली. तू एकाही भागात दार उचलायची गोष्ट काढलेली नाहीस. एकाही पात्राच्या तोंडी नाही. प्रेक्षकांपैकी कुणाला ती माहीत असणं शक्यच नव्हतं. सुताराला होती, कारण सुतार मी आहे. जुन्या कागदावर डाव्या हातानं लिहिलं, स्वतःच पाकिटात घातलं, स्वतःच फोडलं आणि स्वतःच उतरवलं. तीन वर्षं लोकांची मतं वाचतेय, कुणी मालिका न बघताच ठोकून दिलंय हे मला पहिल्या ओळीत कळतं. आणि स्वतः लिहायला बसले तेव्हा जे दाखवलंच नाही त्याची साक्ष देऊन आले. एवढा गाढवपणा शिकाऊ उमेदवारसुद्धा करत नाही.

याचा अर्थ तू मला वाचवत होतीस. सगळं घर उचलून पडद्यावर ठेवलंस, आणि तेवढी एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवलीस. मीच ती आणून तुझ्या हातात दिली.

आज सकाळपासून तीनशे बारा मतं आली. एवढी कधी येत नाहीत. सगळ्यांचा एकच सवाल, सुतार कुणाला पाठीशी घालतोय? दंतवैद्य म्हणतात थोरलीला. मुख्याध्यापिका म्हणतात थोरलीलाच. ‘हसले’ ट्रेमध्ये आज एकही कागद नाही. दुपारी निर्मात्यांच्या कचेरीतून फोन आला, की त्या सुतारकाकांना शेवटच्या भागाच्या कार्यक्रमाला बोलवायचंय, पत्ता द्या. मोजणीदारांनी फाइल काढली, पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर तिकीट नाही की शिक्का नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, “पत्ता पुसट आहे, असं कळवतो. पण बाई, मोजताना मला सगळंच दिसतं.”

आणि आई. काल उचकीला सगळे हसले असतील, आई हसली नाही. पहिल्यांदाच. टीव्ही चालू ठेवून आत निघून गेली. आज दिवसभर माझ्याशी भाजीपुरतं बोलली. तिला काही समजलं का? दाराचं तिला माहीत आहे, म्हणून विचारतेय. मला भीती वाटते, भुंग्या. ऑफिसची नाही, ती गेली खड्ड्यात. आईची वाटते. सत्तरीत तिला कळायला नको की तिचा नवरा आतून हाका मारत होता.

म्हणजे मला म्हणायचं होतं, मारत असेलही. मला ऐकू आल्या नाहीत.

तू जावयाला खुनी कर. तुझ्या पाया पडते.

ताई


सोमवार, ७ ऑक्टोबर

भुंग्या,

शिपायानं आज तुझा लखोटा टेबलावर ठेवला. दहाव्या भागाची संहिता. मोजणीदार लगेच चहा प्यायला गेले, आणि ते चहा पीत नाहीत. मी पान उलटत उलटत एकतिसाव्या पानाशी आले. वर छापलंय, ‘थोरली (बंद दाराकडे पाहत)’. खाली कोरं. आणि कोपऱ्यात पेन्सिलनं तुझं अक्षर: ‘गुरुवारी शूटिंग आहे. तू लिही, नाहीतर मला लिहावं लागेल.’

चार वर्षांत मला आलेला तुझा हा पहिला शब्द. ही धमकी आहे की विनंती, ते लिहायला विसरलीस. मला इतका राग आला की संहिता कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि मग कुणी बघत नाही ना ते पाहून काढली.

ऐक मग. थोरलीचं नाही, माझं.

संध्याकाळचे सव्वासहा. मी टीव्हीसमोर बसले होते. कुठलीतरी रडकी मालिका, आता तिचं नावही आठवत नाही, पण त्या भागात ती नायिका सासर सोडून निघणार होती आणि मला ते बघायचं होतं. दिवसभरात बाबांनी अकरा हाका मारल्या होत्या. पाण्यासाठी एक, खिडकीसाठी एक, बाकी सगळ्या घड्याळासाठी. शेवटच्या वेळी म्हणाले, “एकोणीस सेकंद. म्हातारी झालीस तू.” मी त्रेचाळीसची होते. मग ते बाथरूमला गेले. आतून हाक आली. मी उठले नाही. दुसरी आली. मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

तिसरी हाक वेगळी होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही. त्यात घड्याळ नव्हतं. त्यांनी माझं घरातलं नाव घेतलं, लहानपणीचं, जे ते कधी घ्यायचे नाहीत. मला ऐकू आलं. मी मनाशी म्हटलं, आज बसा वाट बघत, मोजा किती मोजायचं ते. भाग संपायला अकरा मिनिटं होती. मी तो संपवला. नायिका गेलीच नाही सासर सोडून.

जाहिराती लागल्या तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता. मी जाऊन दार उचललं. कडी एका झटक्यात पडली, नेहमीसारखी. ते भिंतीला टेकून बसले होते, एक हात दाराकडे. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला असेल? मी म्हटलं, हाक ऐकू आली नाही, आणि कडीही निघेना. ते म्हणाले, लवकर कळलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. त्या ‘तरी काही सांगता आलं नसतं’वर मी रोज झोपते आणि रोज उठते.

तू विचारलंस तेव्हा मी तुला घालवून दिलं. तू गेली नाहीस, मी घालवलं. तू एकटीच होतीस जिला माझं तोंड बघून कळलं असतं.

आता प्रेक्षकांना काय सांगायचं ते तू ठरव. थोरलीला फाशी दे नाहीतर सोड, मी दोन्ही गोषवारे तयार करीन. पण तेविसाला रात्री आठ वाजता, शेवटच्या भागात, हे सोफ्यावर बसून आईनं ऐकायला नको. टीव्हीकडून कळण्याआधी तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. उद्या सांगते. उद्या जमलं नाही तर परवा.

तिनं मला घराबाहेर काढलं तर मी तुझ्याकडे यायचं का, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारते.

ताई


बुधवार, ९ ऑक्टोबर

भुंग्या,

काल जमलं नाही. आज रजा टाकली.

अकराच्या सुमारास आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर खाली बसले. म्हटलं, आई, ‘आतून कडी’ धाकटी लिहिते. ती म्हणाली, “पहिल्या भागापासून माहीत आहे मला. दुसरं कोण लिहिणार?” आणि उशीचा अभ्रा झटकला.

मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमानं. तिन्ही हाका. रिमोट. अकरा मिनिटं. ते नाव. दार कसं लगेच निघालं. तू धाडलेलं एकतिसावं कोरं पानही. मधे एकदा मी अडले, तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पुन्हा सुरू केलं. बोलून झाल्यावर मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मला वाटलं, आता ती उठेल, किंवा ओरडेल, किंवा छाती धरून आडवी होईल. हे तिन्ही मी गेले दोन दिवस डोळ्यांसमोर पाहिलं होतं.

तिनं बाबांचा एक जुना टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. म्हणाली, “गॅलरीचं दार उघडं होतं ग.”

मला आधी कळलंच नाही.

“पहिल्या हाकेपासून ऐकू येत होतं मला. म्हटलं, थोरली उठेल. मग दुसरी आली. मी एक पाऊल आत टाकलंही. तेवढ्यात तू टीव्हीचा आवाज वाढवलास.” तिनं पुढचा कपडा ओढला. “तू आवाज वाढवलास तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी एकदाचं त्यांना वाट बघायला लावली. मग मी उरलेले कपडे सावकाश काढले. रोज पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी मी पुरती पंधरा घेतली.”

मी म्हटलं, आई, तू तर सगळ्यांना सांगतेस, हाकसुद्धा मारली नाही म्हणून.

“ते तुझ्यासाठी सांगत होते,” ती म्हणाली. “तू ऐकलंस हे मला माहीत होतं. तुला वाटू नये म्हणून सांगत होते. आणि माझ्यासाठीही. दोन्ही होतं.”

भुंग्या, चार वर्षं मला वाटत होतं की मी हे एकटीनं सांभाळतेय, तिला कळू नये म्हणून. ती माझ्याच शेजारी बसून तेच सांभाळत होती, मला कळू नये म्हणून. बुधवारी आठ वाजता दोघी एका सोफ्यावर, एकीनं हसायचं आणि दुसरीनं ती हसतेय ना ते बघायचं. आणि त्यासाठी आम्ही तुला घराबाहेर ठेवलं. कारण तू विचारलं असतंस. तू विचारतेसच.

मी रडले. ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “एकतिसाव्या पानावर काय लिहिलंस?” मी कोरं पान दाखवलं. तिनं चष्मा लावून वरची ओळ वाचली आणि मग तिची ती नेहमीची, मुख्याध्यापिकेला लाजवेल अशी तक्रार सुरू झाली. “धाकटीला सांग, या मालिकेतली आई फार भोळी दाखवलीये. सारखी पोलिसांना चहा विचारते. घरात राहणाऱ्या बाईला एवढं काही कळत नाही, असं असतं का कुठे? हे माझं मत. तुझ्या त्या ट्रेमध्ये टाक.”

कुठल्या ट्रेमध्ये, असं मी विचारलं. तिनं चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “तिला बोलाव. मी हे तिच्यासमोर एकदा सांगीन. तू कागदावर सांगितलंस तर ते तुझं होईल.”

मी तिला न विचारताच हे लिहिलंय, कारण तू बोलावल्याशिवाय येणार नाहीस, आणि नुसतं ‘ये’ म्हटलं तर कशाला ते विचारशील. ती सांगेल तेव्हा तुला माहीत नव्हतं असं दाखव. तेवढं आपल्या घरात सगळ्यांना जमतं, तुलाही जमेल.

शूटिंग उद्या आहे. एकतिसावं पान जसं आलं तसं परत पाठवतेय. थांबवता आलं तर थांबव, नाही तर तुला वाटेल ते त्या नटीकडून म्हणवून घे. लोक काय म्हणतील ते मी वाचून घेईन, ती माझी नोकरीच आहे. आई आत्ता गॅलरीत उभी आहे आणि मला विचारतेय की तू अजून बिनसाखरेचाच चहा घेतेस का. मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं.

शुक्रवारी ये.

ताई